मुका शत्रू : 'स्टार ट्रेक' मालिका आणि तिचा पहिला संगणकखेळ

दोन कलाकृतींत साम्य दिसले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, कोणी कोणाचे उचलले? 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका आणि तिच्याच नावाचा १९७१ सालचा संगणकखेळ यांच्याबाबत हा प्रश्न एका वाक्यात मिटतो. खेळाने मालिकेचे उचलले. नावच तशी कबुली देते. म्हणूनच ही जोडी मला अभ्यासाला सोयीची वाटली. ऋण मान्य असले की त्यापुढचा, जरा अवघड प्रश्न विचारता येतो : उचलताना काय घेतले, काय मागे ठेवले, आणि का?

आधी मालिकेविषयी. जीन रॉडनबेरी यांची 'स्टार ट्रेक' ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी बंद पडली. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही, असे वाहिनीचे गणित होते. पुढे सत्तरच्या दशकात स्थानिक वाहिन्यांनी तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले आणि मालिकेला खरा प्रेक्षक तेव्हा मिळाला. ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवरही आली. माझ्या पिढीतल्या अनेकांना कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक माहीत आहेत ते त्यामुळे. अंतराळातील लढाया एवढीच या मालिकेची आठवण कोणी ठेवली असेल, तर त्याने ती पुन्हा पाहावी. तिच्या उत्तम भागांत गोळी झाडण्यापेक्षा ती न झाडण्याचा निर्णय महत्त्वाचा असतो.

१९६७च्या मार्चमधला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग घ्या. एका ग्रहावरच्या खाणीत एक विचित्र प्राणी कामगारांना मारत सुटला आहे. कर्क आणि स्पॉक त्याला संपवायला जातात. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो तेव्हा कळते, की खाणकामगार ज्या गोल दगडांचा चुरा करत होते ती त्याची, म्हणजे तिची, अंडी होती. शेवटी माणसे आणि तिची पिल्ले एकाच खाणीत शेजारी म्हणून राहू लागतात. शत्रूचे म्हणणे ऐकले की तो शत्रू उरत नाही, हा मालिकेचा आवडता सिद्धान्त.

आता खेळाकडे वळू. १९७१ साली माइक मेफील्ड हा कॅलिफोर्नियातला एक शाळकरी मुलगा होता. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 'सिग्मा ७' या संगणकावर त्याला काही वेळ बसता येई. मित्रांशी खल करून त्याने त्यावर 'स्टार ट्रेक' नावाचा खेळ रचला. पुढच्या वर्षी त्याने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा नवा 'एचपी-३५' गणकयंत्र विकत घेतला. त्या निमित्ताने कंपनीच्या स्थानिक विक्री कार्यालयाशी त्याची ओळख झाली. तिथल्या लोकांनी त्याला सुचवले, की आमच्या संगणकावरच्या बेसिक भाषेत हा खेळ लिहून दे, यंत्र वापरायला आम्ही देतो. १९७२च्या ऑक्टोबरात ते काम झाले आणि कंपनीच्या आज्ञावलींच्या संग्रहातून खेळ इतरांपर्यंत पोचला.

तिथून त्याचा प्रवास लोककथेसारखा झाला. डेव्हिड आल यांनी १९७३ साली '१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या पुस्तकात त्याची एक आवृत्ती छापली. १९७४ साली बॉब लीडम यांनी त्यात भर घालून 'सुपर स्टार ट्रेक' तयार केला, आणि १९७८ साली आल यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तो आला. दहा लाख प्रती खपलेले ते संगणकावरचे पहिले पुस्तक मानले जाते. लोक पुस्तकातली आज्ञावली ओळीमागून ओळ टंकित करत, चुका दुरुस्त करत आणि मग खेळत. प्रत्येकजण नकलताना स्वतःचे काही घाली. मूळ संहिता एक आणि पाठभेद शेकडो, ही स्थिती जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना परकी वाटणार नाही.

छापील 'सुपर स्टार ट्रेक'ची आज्ञावली मी एखादी पोथी वाचावी तशी वाचली. तिच्यातले विश्व आठ बाय आठ, म्हणजे ६४ विभागांचे आहे. प्रत्येक विभागात पुन्हा आठ बाय आठ घरे. एकूण ४०९६ घरांच्या या पटावर 'एंटरप्राइज' जहाज फिरते. त्याच्याकडे ३००० एकक ऊर्जा, दहा टॉर्पेडो आणि मोजके दिवस असतात. त्या मुदतीत सारी क्लिंगॉन जहाजे नष्ट करायची. दूरच्या विभागांची टेहळणी केली की यंत्र तीन आकडी संख्या छापते : शतकस्थानी क्लिंगॉन, दशकस्थानी स्वकीयांचे तळ, एककस्थानी तारे. २०५ म्हणजे दोन शत्रू, तळ नाही, पाच तारे. एका संख्येत आकाशाचा तुकडा बसवण्याची ही युक्ती मला आजही सुंदर वाटते.

साम्य इथे वरवरचे नाही. लढाईत लागणारी सारी शक्ती एकाच साठ्यातून येते. कवचाला जास्त दिली तर शस्त्राला कमी पडते; शस्त्राला दिली तर पळून जायला उरत नाही. मार बसला की यंत्रणा एकेक करून नादुरुस्त होतात. मालिकेत मुख्य अभियंता स्कॉट इंजिने आता टिकत नाहीत म्हणून कळवळतो आणि कर्कला अपुऱ्या साधनांत निर्णय घ्यावा लागतो. ती अडचण खेळाने जशीच्या तशी खेळणाऱ्याच्या हातात दिली. प्रेक्षक कर्ककडे बघत असे. खेळणारा त्याच्या खुर्चीत बसला. लीडम यांनी तर स्पॉक, स्कॉट, उहुरा यांच्या नावाने निरोपही छापायला लावले. स्वतःचाच तळ उडवला तर वरिष्ठांकडून चौकशीची तंबी मिळते. टंचाई, जबाबदारी, हुकूम : एवढे सगळे मालिकेतून खेळात सुखरूप पोचले.

पोचले नाही ते पाहिले की चित्र पालटते. या खेळाच्या विश्वात एकही ग्रह नाही. तारे आहेत, तळ आहेत, शत्रू आहेत. उतरायला जमीन नाही. मालिकेच्या बहुतेक कथा ग्रहांवर घडतात, कारण तिथे परकी माणसे भेटतात, त्यांचे कायदे समजून घ्यावे लागतात. खेळात कोणी भेटतच नाही. आज्ञांच्या यादीत प्रवास, टेहळणी, शस्त्रे, कवच, दुरुस्तीचा अहवाल, संगणक आणि राजीनामा आहे. 'बोला' ही आज्ञा नाही. क्लिंगॉन म्हणजे कागदावर उमटणारी एक खूण आणि तिच्यामागे घटत जाणारा ऊर्जेचा आकडा. तो शरण येत नाही, अट घालत नाही, धमकीही देत नाही. तो मुका आहे.

आणि शेवटी गुण. क्लिंगॉनांच्या मूळ संख्येला लागलेल्या दिवसांनी भागायचे, त्याचा वर्ग करायचा, हजाराने गुणायचे. विभागांत शत्रू पेरण्याचे जे सूत्र आज्ञावलीत आहे त्यावरून हिशेब केला, तर सरासरी १७ क्लिंगॉन निघतात. ते १७ दिवसांत मारले तर हजार गुण. त्याच्या निम्म्या वेळात मारले तर चार हजार. कार्यक्षमता म्हणजे दर दिवशी किती मारले, अशी सरळ व्याख्या आहे.

इथे मला मालिकेचाच एक भाग आठवतो. २३ फेब्रुवारी १९६७ रोजी दाखवलेल्या 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन'मध्ये दोन ग्रह पाचशे वर्षे युद्ध करत आहेत, पण संगणकावर. यंत्र हल्ल्याचे गणित मांडते आणि कोण कोण मेले ते जाहीर करते. ज्यांची नावे निघतात ते नागरिक मुकाट्याने यंत्रात जाऊन खरोखर नष्ट होतात. शहरे शाबूत, संस्कृती शाबूत, म्हणून युद्ध थांबवण्याची कोणाला निकड नाही. कर्क तो संगणक उद्ध्वस्त करतो. आता खरे युद्ध करा नाहीतर बोलणी करा, असे बजावतो. त्या काळी अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत होती आणि शत्रूचे किती मारले हा तिथे यशाचा अधिकृत मापदंड झाला होता. युद्धाचे आकड्यांत रूपांतर झाले की काय होते, हे मालिकेने उघड सांगितले होते. चार वर्षांनी तिच्याच चाहत्याने तिच्याच नावाने संगणकावर युद्धाचे गणित मांडले.

याचा दोष मेफील्डला देणे अन्यायाचे होईल. अशा खेळांशी गाठ पडे ती बहुधा टेलिटाइप यंत्रावर, पडद्याविना. सेकंदाला दहा अक्षरे कागदावर खडखडत उमटत. एमआयटीमध्ये १९६२ साली तयार झालेल्या 'स्पेसवॉर'ला चित्रे दाखवणारा पडदा होता. मेफील्डला ती चैन नव्हती. अशा यंत्राला अंतर मोजता येते, वजाबाकी करता येते, फासा टाकता येतो. खाणीतल्या आईचे दुःख त्याच्यात कुठल्या चलपदात साठवणार? यंत्राला जे मोजता आले तेवढे त्याने मालिकेतून घेतले. माध्यमांतरात कथेचा गाभा टिकतो आणि तपशील गळतात, असे आपण धरून चालतो. इथे उलट झाले : तपशील सारे टिकले आणि गाभा गळाला.

तरीही एवढ्यावर थांबलो तर मालिकेला मी फुकटचे सोवळे नेसवीन. 'बॅलन्स ऑफ टेरर' हा तिचा गाजलेला भाग पाणबुडीवरच्या 'द एनिमी बिलो' या १९५७ सालच्या युद्धपटावरून सुचलेला आहे. लढाईची ओढ तिच्यातही होती. त्याहून महत्त्वाचा पुरावा म्हणजे 'एरंड ऑफ मर्सी', क्लिंगॉन जिथे पहिल्यांदा आले तो भाग. त्यात दोन्ही आरमारे भिडणार एवढ्यात ऑर्गेनिया ग्रहाचे अतिमानवी रहिवासी सारी शस्त्रे निकामी करतात. तेव्हा कर्क आणि क्लिंगॉन सेनानी दोघेही एका सुरात चिडतात : आमच्या युद्धात पडण्याचा तुम्हाला काय अधिकार? दोघांना सांगितले जाते, की पुढे तुम्ही मित्र व्हाल. आपण लढण्याच्या हक्कासाठी भांडत होतो हे ध्यानात आल्यावर कर्क ओशाळतो.

मेफील्डचा खेळ मला त्या क्षणाचा दुसरा शेवट वाटतो. ऑर्गेनियाच्या लोकांनी कर्कला जे युद्ध नाकारले ते खेळाने बहाल केले, आणि ओशाळायला लावणारे कोणी जवळ ठेवले नाही. म्हणजे खेळाने मालिकेत नसलेले काही घुसडले नाही. मालिकेने स्वतःच्या मनात ओळखलेली आणि आवरलेली एक इच्छा त्याने मोकळी सोडली. दोघांतले खरे साम्य इथे आहे, आणि खरा फरकही.

पुढचा इतिहास या फरकावर चालला. अंतराळात शत्रू शोधून मारण्याचे असंख्य खेळ आले; अटारीच्या 'स्टार रेडर्स'मध्ये विभागांचा नकाशा, तळ आणि ऊर्जेचा हिशेब जवळपास तसाच आहे, फक्त पडद्यावर हलणारा. शत्रूला वाचा फुटायला मात्र वेळ लागला. १९९२ साली इंटरप्ले कंपनीने मालिकेच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खेळात पथक ग्रहावर उतरते, समोरच्याशी काय बोलायचे ते खेळणारा निवडतो, आणि रक्त न सांडता प्रश्न सोडवला तर मोहिमेअखेर गुण जास्त मिळतात. जहाजांच्या लढाया त्यातही आहेत. पण गुणांचे सूत्र बदलले होते. मेफील्डच्या खेळानंतर त्याला एकवीस वर्षे लागली. तोवर संगणकाची स्मृती वाढली होती हे खरे. पण काय मोजायचे हे यंत्र ठरवत नाही. ते आज्ञावलीच्या शेवटच्या चार ओळींत कोणीतरी लिहावे लागते.