लुकलुकणाऱ्या दिव्याचा इतिहास

मोटार चालवणाऱ्याच्या समोर, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनाच्या आकाराचा एक एवढासा पिवळा दिवा असतो. युनियनच्या कामामुळे आमचा टॅक्सीचालकांशी नित्य संबंध येतो. त्यांपैकी एकाच्या गाडीत हा दिवा लुकलुकू लागला. गाडी चालते आहे ना, मग दिव्याचे काय एवढे, असे म्हणून त्याने तीन दिवस भाडी मारली. चौथ्या दिवशी गाडी चढ चढेना. दुरुस्तीत त्याची दोन महिन्यांची कमाई गेली. दिवा काय सांगत होता हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि ते सांगायचे तर लॉस एंजेलिसपासून सुरुवात करावी लागते.

1943 च्या जुलैत त्या शहरावर असे धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. दिवस युद्धाचे, जपानने विषारी वायू सोडला अशी आवई उठली. मग संशय गेला तो कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरके हटेना. हे कोडे उलगडले आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ वस्तुतः अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होता! 1950 च्या सुमारास त्याने दाखवून दिले की, मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी न जळलेली इंधनवाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडले, की ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये हवेतच तयार होतात. म्हणजे शत्रू बाहेरून आलेला नव्हता; तो घरोघरच्या गाडीखान्यात उभा होता.

सत्य कळले म्हणून ते लगेच मान्य होते असे नाही, हे चळवळीतल्या माणसास सांगावयास नको. 1969 मध्ये अमेरिकेच्या सरकारनेच बड्या मोटारकंपन्यांवर खटला भरला. धूर कमी करणारी साधने लांबणीवर टाकण्यासाठी त्यांनी आपसांत संगनमत केले, असा आरोप होता. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला आणि पुन्हा असे संगनमत न करण्याची हमी कंपन्यांना द्यावी लागली. याउलट वॉल्टर रूथर यांच्या मोटार-कामगार युनियनने 1970 च्या पहिल्या वसुंधरा दिनाला पैशाचे पाठबळ दिले. मोटारीवरच ज्यांचे पोट, त्यांनी मोटारीच्या धुराविरुद्ध उभे राहावे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. कामगाराला पोट असते तशी फुप्फुसेही असतात.

1970 च्या कायद्याने धुरातील मुख्य विषारी घटक नव्वद टक्क्यांनी घटवण्याची सक्ती केली, आणि 1975 पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पोळ्यासारखी छिद्रे असलेला चिनी मातीचा ठोकळा, आणि त्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर, असे हे साधन. शिशाने ते निकामी होते, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आले.

परंतु गाडी विकली गेल्यावर हे साधन चालते की नाही, हे पाहणार कोण? यासाठी कॅलिफोर्नियाने 1988 पासून गाडीनेच स्वतःवर पहारा ठेवावा असा नियम केला. 1996 पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकच पद्धत, सोळा टाचण्यांची एकच खाच आणि सामायिक सांकेतिक क्रमांक लागू झाले. दुरुस्तीची माहिती कोणत्याही कारागिराला मिळाली पाहिजे, अशी तरतूद तेथील 1990 च्या कायद्यात होती. नाहीतर गल्लीतल्या गॅरेजवाल्याची रोजीरोटीच गेली असती. आपल्याकडे कन्व्हर्टर 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींत आला, आणि ही पहारा-पद्धती 2010 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

आता त्या दिव्याची भाषा. दिवा स्थिर पेटला तर बिघाडाची नोंद झाली आहे. गाडी लवकर तपासून घ्यावी. तो लुकलुकला तर इंजिन एवढे मिसिंग करीत आहे, की कन्व्हर्टरच धोक्यात आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की क्रँकशाफ्ट क्षणभर मंदावतो, आणि गाडीतला संगणक ते हेरतो. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते. आतला ठोकळा वितळतो आणि धुराची वाट बंद होते. टॅक्सीवाल्याची गाडी चढ चढेना ती यामुळे. म्हणून दिवा लुकलुकताच ॲक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागी थांबावे, आणि गाडी ओढून न्यावी.

पुढचे काम गॅरेजमधले. त्या खाचेत स्कॅनर लावला की क्रमांक मिळतो. पी-0302 म्हणजे दुसरा सिलिंडर. येथे घाईने सुटे भाग बदलीत सुटू नये. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर चढवावी, नोंद पुसावी आणि इंजिन चालवून पाहावे. क्रमांक पी-0303 झाला, तर दोष कॉइलचा. तो दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, मग इंजेक्टर, मग हवेची गळती आणि शेवटी कॉम्प्रेशन, अशा क्रमाने जावे. कन्व्हर्टर गेला असेल तरी मिसिंगचे मूळ आधी काढावे, नाहीतर नवाही जळेल.

हागेन-स्मिटच्या प्रयोगशाळेपासून या खाचेपर्यंत पन्नासेक वर्षे लागली. एवढ्या खटपटीने मिळवलेली सूचना वाचता न आल्यामुळे एका कष्टकऱ्याची दोन महिन्यांची कमाई बुडावी, हे आम्हांस सोसवत नाही. म्हणून आता युनियनच्या प्रत्येक वर्गात, वेतनाच्या हिशेबाबरोबर, आम्ही या दिव्याचाही धडा देतो.