डॉकवरचे होज

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आंबेडकर जयंती आठवते. फायर ब्रिगेडवाल्यांना त्याच दिवशी आपले गेलेले साथीदारही आठवतात. १९४४ साली त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. पोटात रुईच्या हजारो गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं! आम्हा यवतमाळकरांना रुईची आग समजावून सांगावी लागत नाही. गाठ वरून विझल्यासारखी दिसते, आत मात्र धुमसत राहते. जहाज बाहेर न्यायचं की जागीच विझवायचं, यावर साहेबलोकांचं एकमत होईना. फायरमन आपले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ६६ फायरमन गेले.

बारा वर्षांनी, १९५६ मध्ये, केंद्र सरकारने नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज काढलं. आधी रामपूरला, मग वर्षभरात नागपूरला, म्हणजे आमच्यापासून जेमतेम तीन तासांवर. देशभरातले फायर अधिकारी इथे शिकतात.

आपल्याकडे फायर ब्रिगेड त्या त्या नगरपालिकेची, म्हणजे शंभर गावांच्या शंभर पद्धती. पण आग मोठी असली की शेजारच्या गावचा बंब बोलवावा लागतोच. तेव्हा यांचा होज त्यांच्या पंपाला बसला पाहिजे. (त्यासाठी ६३ मिमीचं कपलिंग, आयएस ९०३. आमच्या भाषेत इंटरफेस!) आणि हुकूम कोणाचा चालणार, हेही दोन्हीकडच्या माणसांना आधीपासून ठाऊक हवं. डॉकवर अडलं ते इथेच, होज तर ढीगभर होते.