गाडीचं फेंडर लायनर बदलायचंय? ऑर्डर करण्याआधी हे तपासा

गेल्या जुलैतली गोष्ट. सांताक्रूझ पूर्वेहून पश्चिमेला जाताना मिलन सबवेत साचलेल्या पाण्यातून मी गाडी जरा जोरातच काढली. पलीकडे वळण घेताना पुढच्या डाव्या चाकातून 'खर्र-खर्र' असा आवाज यायला लागला. बाजूला थांबून मोबाईलचा टॉर्च मारला, तर चाकाच्या वरचं काळं प्लास्टिक अर्धं सुटून टायरवर लोंबत होतं. तेच हे फेंडर लायनर.

त्याच रात्री मी मोबाईलवर गाडीचं नाव आणि साल टाकलं, फोटो सारखा दिसला आणि ऑर्डर करून मोकळा झालो. चार दिवसांनी पार्ट आला, पण बसलाच नाही. पुढची कड बंपरच्या भोकांपासून बोटभर लांब राहिली. यात विकणाऱ्याची चूक नव्हती, माझीच होती. मी काय बघायला हवं होतं, ते या लेखात सविस्तर सांगतो.

फेंडर लायनर म्हणजे काय?

चाकाच्या वर जो पत्र्याचा भाग असतो तो फेंडर. त्याच्या आतल्या बाजूने, चाकाभोवती कमानीसारखं जे प्लास्टिकचं किंवा जाड फेल्टचं आवरण असतं ते लायनर. टायर फिरताना पाणी, चिखल आणि खडी वर उडवतो. हा मारा लायनर स्वतःवर घेतं.

त्याच्या मागे काय असतं ते गाडीप्रमाणे बदलतं. पण साधारणपणे तिथे वायरिंग, फॉग लॅम्पचं कनेक्शन, हॉर्न किंवा वायपरच्या पाण्याची टाकी असते. काही गाड्यांमध्ये इंजिनाला हवा देणाऱ्या पाइपचं तोंडही तिथेच असतं. लायनर नसेल तर पाणी थेट या सगळ्यावर येतं. आज काही बिघडत नाही, पण दोन पावसाळ्यांनी कनेक्टरला हिरवी बुरशी धरते आणि फेंडरच्या खालच्या कडेला गंज चढतो.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला होता. तसा दिवस क्वचितच येतो, पण सबवेत आणि सखल रस्त्यांवर पाणी दरवर्षी साचतं. साचलेल्या पाण्यातून वेगात गेलं की चाकापुढे लाट तयार होते. ती लाट लायनरला आतून ढकलते आणि क्लिपा एकेक करून सुटतात. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं.

फाटलं तर लगेच बदलायचं का?

आधी बघा, ते टायरला लागतंय का. लागत असेल तर गाडी तशीच चालवू नका. लोंबणारा तुकडा टायरमध्ये ओढला गेला तर लायनर फाटतंच, सोबत बंपरची कड आणि मागची वायरही ओढली जाऊ शकते. त्या रात्री मी लायनर केबल टायने वर बांधलं आणि हळूहळू घरी आलो. हा फक्त घरापर्यंतचा उपाय आहे.

नुसत्या क्लिपा गेल्या असतील आणि प्लास्टिक धड असेल, तर फक्त क्लिपा बदला. एखादं भोक फाटलं असेल तर मोठा वॉशर लावूनही काम भागतं. पण तडा टायरच्या बरोबर वर असेल, किंवा बंपरला जोडणारी कड तुटली असेल, तर नवीनच घ्या.

माझी चूक: रजिस्ट्रेशनचं साल

मी सर्चमध्ये आरसीवरचं रजिस्ट्रेशनचं साल टाकलं होतं. गाडी रजिस्टर झाली फेब्रुवारीत, पण बनली होती आधीच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात कंपनीने बंपर बदलून फेसलिफ्ट आणलं होतं. लायनरची पुढची कड बंपरला जोडलेली असते. बंपर बदलला की ती कडही बदलू शकते. म्हणजे मी माझ्या गाडीच्या धाकट्या भावाचा पार्ट मागवला होता.

नुसतं मॉडेलचं नावही पुरत नाही. 'स्विफ्ट' म्हणाल तर भारतात २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा चार पिढ्या आल्या आहेत. 'आय टेन' म्हणाल तर आय टेन, ग्रँड आय टेन आणि ग्रँड आय टेन निऑस या तीन वेगळ्या गाड्या आहेत. दुकानात फोन करून 'आय टेनचं लायनिंग आहे का' विचारलं तर 'आहे' असंच उत्तर येणार. कुठल्या आय टेनचं, हा प्रश्न आपणच विचारायचा.

स्टेप १: चेसिस नंबर काढा

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी उघडा. तिथून दोन गोष्टी घ्या: गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि चेसिस नंबर. हा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि गाडीवरही कोरलेला असतो.

या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. त्यामुळे 'हे शून्य की ओ' असा गोंधळ झाला तर ते शून्यच असतं, आणि 'एक की आय' असा झाला तर एकच.

एक काळजी घ्या. हा नंबर कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. फक्त ज्याच्याकडून पार्ट घेणार आहात त्यालाच द्या.

स्टेप २: पार्ट नंबर मिळवा

पार्ट नंबर मिळवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, जुन्या लायनरवरून. मागच्या बाजूला नंबर प्लास्टिकमध्येच उठावात छापलेला असतो. काळ्यावर काळं असल्यामुळे तो दिसत नाही. लायनर धुऊन वाळवा, टॉर्च एका बाजूने तिरका धरा आणि दुसऱ्या फोनने फोटो काढा. सावली पडल्यामुळे आकडे स्पष्ट दिसतात. गुगल लेन्सने ते कॉपीही करता येतात, पण नंतर डोळ्यांनी एकदा पडताळून घ्या.

दुसरा, कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून. चेसिस नंबर दिला की ते त्यांच्या कॅटलॉगमध्ये बघून सांगतात. हा मार्ग जास्त खात्रीचा आहे, कारण कंपन्या कधीकधी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा नंबर देतात. हे काउंटरवरच्या सिस्टिममध्ये दिसतं. शिवाय गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली असेल, तर आधीच्या मालकाने भलतंच लायनर बसवलेलं असू शकतं. अशा वेळी जुन्या पार्टवरच्या नंबराचा भरवसा नाही.

सर्च करतानाही अडचण येते, कारण या पार्टला एक नाव नाही. मारुतीकडे तो 'फ्रंट फेंडर लायनिंग', ह्युंदाईकडे 'फ्रंट व्हील गार्ड'. ब्रिटनच्या साइटवर 'व्हील आर्च लायनर', अमेरिकेच्या साइटवर 'फेंडर लायनर' किंवा 'स्प्लॅश शील्ड'. नावाने शोधलंत तर मडफ्लॅप आणि इंजिनाखालचं कव्हरही समोर येतं. नंबरने शोधलंत तर सहसा तोच पार्ट येतो.

स्टेप ३: डावं की उजवं, पुढचं की मागचं

डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघत ठरवायचं. गाडीसमोर उभं राहून बघाल तर उलटं होईल. पार्टवर एलएच म्हणजे डावं, आरएच म्हणजे उजवं.

परदेशी साइटवर 'ड्रायव्हर साइड' लिहिलेलं असेल तर सावध राहा. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. त्यामुळे ड्रायव्हर-पॅसेंजर हे शब्द सोडा आणि डावं-उजवंच बघा.

नंबरात हा फरक एकाच आकड्याचा असू शकतो. ह्युंदाईत पुढच्या डाव्या गार्डचा नंबर ८६८११ ने सुरू होतो, उजव्याचा ८६८१२ ने. मोबाईलवर टाइप करताना एवढी चूक सहज होते. काही गाड्यांत एकाच चाकाचं लायनर दोन तुकड्यांत येतं, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा. तुमचा कुठला तुटलाय ते आधी बघा.

स्टेप ४: मटेरियल

साधारण तीन प्रकार दिसतात. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी: हलकं आणि आकार धरून राहणारं. पॉलिएथिलीन म्हणजे पीई: जास्त लवचिक. तिसरं फेल्ट, कापडासारखं दाबलेलं: खडीचा आणि पाण्याचा आवाज कमी करतं, पण चिखल धरून ठेवतं. प्लास्टिकच्या लायनरवर मागे हे छोटं नाव सहसा छापलेलं असतं.

कुठलं चांगलं, यापेक्षा तुमच्या गाडीत मुळात कुठलं होतं ते महत्त्वाचं. फेल्टच्या जागी प्लास्टिक लावलं तर आवाज वाढेल. बाजारातलं फार पातळ प्लास्टिक असेल तर पहिल्याच जोराच्या पाण्यात ते आत दबून टायरला लागेल. दुकानात दोन्ही हातांनी हलकं वाकवून बघा. सोडल्यावर ते आपल्या आकारात परत यायला हवं.

ओरिजिनल, बाजारातलं की जुनं?

ओरिजिनल: फिटिंगची खात्री सर्वात जास्त. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगचा महिना बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. आधी बऱ्याच पार्टवर तो २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या पॅकिंगचा माल असेल तर बिलात कुठला दर लावलाय ते नक्की बघा.

बाजारातलं: स्वस्त मिळतं आणि बऱ्याचदा ठीकही बसतं. पण भोकं एक-दोन मिलिमीटर सरकलेली असतात. परत घेणार असतील तरच घ्या.

जुनं: सांताक्रूझवाल्यांना कुर्ला-कालिनाचा सीएसटी रोड जवळ आहे. तिथे जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. जुन्या, बंद झालेल्या मॉडेलसाठी हा चांगला पर्याय आहे. जाताना आपलं तुटलेलं लायनर सोबत न्या आणि एकावर एक ठेवून बघा. क्लिपांची भोकं लांबट झाली असतील तर घेऊ नका, क्लिप तिथे टिकत नाही.

क्लिपा विसरू नका

नवीन लायनरसोबत क्लिपा येतीलच असं नाही. जुन्या क्लिपा काढताना निम्म्या तरी तुटतात. एक जुनी क्लिप पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, म्हणजे दुकानदाराला माप कळेल. भोकापेक्षा बारीक क्लिप आज बसते आणि पुढच्या पाण्यात निघते. मी मोजून लागतील त्यापेक्षा चार जास्त घेतल्या, आणि तीन लागल्याच.

पार्ट आल्यावर, बसवण्याआधी

१. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. परत करायची वेळ आली तर उपयोगी पडतो.
२. नंबर आणि एलएच-आरएच जुळवा.
३. जुनं लायनर जमिनीवर ठेवून त्यावर नवीन ठेवा. भोकं आणि कडा जुळायला हव्यात.
४. एकही नवीन भोक पाडू नका. भोक पाडलेला पार्ट सहसा परत घेत नाहीत.
५. बसवल्यावर गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. टायर कुठेही लागता कामा नये.
६. मग चार जणांना बसवून सावकाश एका स्पीडब्रेकरवरून जा. रिकाम्या गाडीत न लागणारा टायर भरलेल्या गाडीत लागू शकतो.

बऱ्याच गाड्यांत पुढचं चाक पूर्ण वळवलं की बहुतेक क्लिपांपर्यंत हात पोचतो. चाक काढावंच लागलं, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. हे काम गॅरेजला द्या.

ऑनलाइन घेतलेला पार्ट चुकीचा आला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

इन्शुरन्समधून मिळेल का?

नुसत्या लायनरसाठी क्लेम करणं बहुतेकदा परवडत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. त्यावर सक्तीची वजावट असते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २०००. शिवाय पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. बंपर, दिवा आणि लायनर असं सगळं एकदम गेलं असेल तरच क्लेमचा विचार करा.

थोडक्यात

आधी चेसिस नंबर, त्यावरून पार्ट नंबर, मग बाजू, मग मटेरियल, आणि किंमत सगळ्यात शेवटी. मी उलट्या क्रमाने गेलो आणि एका पार्टसाठी दोनदा पैसे मोजले. दुसऱ्यांदा काउंटरवर चेसिस नंबर दाखवला, तर दहा मिनिटांत योग्य नंबर मिळाला. लायनर बसलं, त्यानंतरचा पावसाळा गेला, आवाज नाही. आणि हो, सबवेत पाणी दिसलं की आता मी गाडी वळवतो आणि पुलावरून जातो.