द्रष्टा, दृश्य आणि क्वांटम
मी राहतो त्या बजाजनगरहून पैठण फार लांब नाही. पैठणजवळचे आपेगाव हे ज्ञानेश्वरांचे गाव. पाहणारा आणि पाहिले जाणारे मुळात एकच, हा विचार त्यांनी ‘अमृतानुभवा’त सातशे वर्षांपूर्वी मांडला.

ऑस्ट्रियाच्या एर्विन श्रोडिंजर यांनी १९२५ साली वेदान्तावर चिंतन लिहिले आणि १९२६ साली त्यांचे तरंग-समीकरण प्रसिद्ध झाले. एवढ्यावरून ‘विज्ञानाने अध्यात्म सिद्ध केले’ असे व्याख्यानांतून ऐकवले जाते.

इतिहास मात्र तसे सांगत नाही. श्रोडिंजर यांना उपनिषदांची ओढ होती हे खरे. पण समीकरणाचे बीज द ब्रॉयी यांच्या द्रव्य-तरंगांच्या कल्पनेत होते. १९६१ साली युजीन विग्नर यांनी मोजमापात जाणिवेला स्थान दिले. पुढे त्यांनीच ते मत सोडले. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी ‘निरीक्षण’ म्हणजे कणाचा उपकरणाशी आलेला संबंध. वाळूजच्या कारखान्यातला प्रकाशावर चालणारा सेन्सर कुणी पाहत नसतानाही मोजणी करतोच ना!

ज्ञानोबांचा द्रष्टा अनुभवाचा विषय आहे. त्याला प्रयोगशाळेचा दाखला कशाला? ‘क्वांटम’ म्हणून उपचार विकणाऱ्याकडे मात्र तो जरूर मागावा.