सुट्या बांधकाम-साहित्याचे वजन (घनफळावरून)

घनफळाला स्थूल घनतेने गुणून वाळू, खडी, माती यांचे वजन काढण्याची रीत. बंगळुरूत एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू) व खडी ट्रकने येते. हौद्याची लांबी, रुंदी आणि भराची सरासरी उंची यांच्या गुणाकाराने घनफळ मिळते. तेथील नाइस खडकाची घनता घनमीटरला सुमारे २.६५ टन, मात्र खडीच्या ढिगात पोकळ्या राहत असल्याने ती सुमारे १.५ टनच भरते. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १.६ टन, म्हणजे १ ब्रास (१०० घनफूट, २.८३ घनमीटर) वाळू साधारण ४.५ टन. ओलसर वाळू फुगते, तिचे घनफळ चतुर्थांशानेही वाढू शकते. म्हणून ओलाव्याची वजावट आवश्यक. स्थूल घनतेची प्रमाणित चाचणी आयएस २३८६, भाग ३ (१९६३) मध्ये आहे.