ऑकलंडचा गरीब संघ आणि 'मेरिट'चा बाजारभाव

ऑकलंड हे नाव आपल्या चळवळीला परके नाही. 1966 साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियातल्या याच शहरात ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि तिचे नाव घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. याच शहराच्या बेसबॉल संघाची एक गोष्ट आज जगभर मॅनेजमेंटच्या व्याख्यानांत सांगितली जाते. मायकल लुईस यांनी 2003 साली त्यावर 'मनीबॉल' हे पुस्तक लिहिले आणि 2011 साली चित्रपटही आला. तात्पर्य ठरलेले असते : साधने नाहीत म्हणून रडू नका, डोके चालवा. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्यालाही हाच उपदेश केला जातो. म्हणून ही गोष्ट मुळापासून तपासली पाहिजे.

आधी गोष्ट. 2002 साली न्यूयॉर्क यांकीज संघाचा खेळाडूंच्या पगारावरचा खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता, तर ऑकलंड अ‍ॅथलेटिक्सचा सुमारे चार कोटी. ऑकलंडचा सर्वात मोठा फलंदाज जेसन जियांबी याला यांकीजने 12 कोटी डॉलरचा सात वर्षांचा करार देऊन नेले होते. तरीही त्या हंगामात दोन्ही संघांनी सारखेच, म्हणजे 103 सामने जिंकले. ऑकलंडने तर सलग 20 सामने जिंकले.

हे कसे झाले? बाजाराने माणसांची किंमत चुकीची लावली होती. खेळाडू हेरणारे जुने जाणकार शरीरयष्टी, धावण्याचा वेग, फटक्याचा दणका पाहत. 'खेळाडू असा दिसतो' असे एक चित्र त्यांच्या डोक्यात पक्के होते. ऑकलंडचे व्यवस्थापक बिली बीन यांनी वेगळा प्रश्न विचारला : हा फलंदाज बाद न होता किती वेळा बेसवर पोहोचतो? संयमाने खराब चेंडू सोडून फुकट बेस मिळवणारा खेळाडू देखणा वाटत नाही, पण धावा त्यातूनच होतात. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर म्हणून संपलेला स्कॉट हॅटबर्ग त्यांनी स्वस्तात घेतला आणि फर्स्ट बेसवर उभा केला. 4 सप्टेंबर 2002 रोजी विसावा विजय त्याच्याच होमरनने मिळाला. या हिशेबाचा पाया घालणारे बिल जेम्स कोणत्याही क्लबचे नव्हते. कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करताना ते आकडेमोड करत. 1977 साली त्यांनी आपली पहिली पुस्तिका स्वतःच छापली. म्हणजे 'मेरिट' मोजण्याचा गज चुकला आहे हे व्यवस्थेबाहेरच्या माणसाने दाखवले.

इथपर्यंत गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे. टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो हे तीन उत्कृष्ट पिचर आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा यांच्यावरही हा संघ उभा होता. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या गरीब घरातल्या तेहादाला ऑकलंडने अवघ्या 2,000 डॉलरवर करारबद्ध केले होते. ही माणसे स्वस्त का होती? बेसबॉलच्या नियमानुसार खेळाडू सुमारे सहा वर्षे मूळ संघाशी बांधलेला असतो. तोपर्यंत त्याला खुल्या बाजारात आपला भाव ठरवता येत नाही. गरीब संघाच्या हुशारीत या बांधिलकीचाही मोठा वाटा होता.

आणि ही बांधिलकी पूर्वी जन्माची होती. 'रिझर्व्ह क्लॉज' नावाच्या कलमाने खेळाडू कायमचा मालकाचा राही. ऑकलंडमध्येच वाढलेल्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने 1969 साली बदलीचा हुकूम नाकारला. मला मालमत्तेसारखे विकता येणार नाही, असे त्याने कमिशनरला लेखी कळवले. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली, पण 1975 च्या लवादाच्या निवाड्याने पुढच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली. मालक आजही म्हणतात की या मोकळिकीने छोट्या शहरांचे संघ मेले. इतिहास उलटे सांगतो. खेळाडू पूर्ण बांधलेले असताना, 1923 ते 1962 या 40 वर्षांत, यांकीजने 20 वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. श्रमिकाला बांधून ठेवल्याने समता येत नाही, फक्त मालकाचा नफा वाढतो.

आता त्याहून मागे जाऊ. बाजाराची सर्वात मोठी 'चूक' कोणती होती? 1880 च्या दशकापासून 1947 पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगची दारे बंद होती. लेखी नियम नव्हता. आपल्याकडेही पाणवठ्यावर पाटी लावावी लागत नसे. 1920 साली रूब फॉस्टर यांनी निग्रो नॅशनल लीग उभारली. त्या काळातला दिग्गज जॉश गिब्सन मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळता जानेवारी 1947 मध्ये वारला. तीन महिन्यांनी, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्याच्या दहा हंगामांत डॉजर्सने सहा वेळा लीग जिंकली. जे 'लायक नाहीत' म्हणून बाहेर होते, त्यांनी दार उघडताच संघाचे नशीब बदलले.

रॉबिन्सनला घेणारे ब्रँच रिकी यांचे श्रेय मोठे आहे. पण ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून त्यांनी त्याला नेले, त्या संघाला त्यांनी एक डॉलरही दिला नाही. माणसाला दार उघडले, पण त्याच्या समाजाने उभारलेल्या संस्थेला भरपाई नाही. पुढे तीच लीग कोसळली. प्रतिनिधित्व आणि वाटा या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे आपण विसरू नये.

रिकी पुढे पिट्सबर्ग या छोट्या बाजारपेठेच्या संघात गेले. 1954 साली त्या संघाने पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंते याला डॉजर्सकडून 4,000 डॉलरला उचलले. 1 सप्टेंबर 1971 रोजी पिट्सबर्गने मोठ्या लीगच्या इतिहासात प्रथमच सर्व नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिनो असलेला संघ उतरवला. त्याच वर्षी तो संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. गरीब संघाचे खरे भांडवल म्हणजे इतरांचा पूर्वग्रह.

मग डोके चालवणे पुरेसे आहे का? नाही. श्रीमंत ती युक्तीही विकत घेतात. बॉस्टन रेड सॉक्सने बिल जेम्सना नोकरीवर घेतले आणि 2004 साली 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सर्वात शेवटचा संघ (1959) हाच होता! ऑकलंडला मात्र त्या हुशारीतून एकही वर्ल्ड सिरीज मिळाली नाही आणि 2024 च्या हंगामानंतर मालकाने संघच शहरातून हलवला.

उत्तर रचनेत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे सर्व संघांत समान वाटले जातात आणि पगारखर्चाला मर्यादा आहे. म्हणून लाखभर वस्तीच्या ग्रीन बेचा संघ न्यूयॉर्कच्या बरोबरीने उभा राहतो, विजेताही होतो. भांडवलशाही अमेरिकेतल्या खेळालाही हे कळले की वाटप नसेल तर स्पर्धा म्हणजे थट्टा.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'मनीबॉल'चा दाखला देऊन 'मेरिट' शिकवू लागला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. गज कुणाच्या हातात होता? आणि गल्ला कुणाकडे गेला? आपल्या हुशार पोरांना व्यवस्थेवर मात करायला जरूर शिकवू, पण मात करावी लागते ती व्यवस्थाच बदलण्याची मागणी सोडणार नाही.

जय भीम!