हँग ग्लायडिंग : नवे वैमानिक कसे घडतात आणि हा खेळ टिकणार कसा?



मिलपिटासच्या एड लेव्हिन काउंटी पार्कमध्ये आपल्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन सहलीला गेले असतील. समोरच्या हिरव्या टेकडीवरून एखादा रंगीत त्रिकोणी पंख अलगद उतरताना पाहिला असेल. "बाबा, ते पॅराशूट आहे का?" हा प्रश्नही ऐकला असेल. आम्ही तिघे मित्र, तिघेही इंजिनियर आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, काही वर्षांपूर्वी असेच बघायला गेलो आणि शेवटी शिकायलाच लागलो. तिघांपैकी दोघे आज उडतात, एकाने मध्येच सोडले. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारतेच, "हे शिकवतात कसे? धोका किती? आमच्या मुलाला पाठवावे का?" या सगळ्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हा लेख.

हँग ग्लायडर म्हणजे काय?

ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, असा हा पंख असतो. शिकाऊ ग्लायडरचे वजन साधारण ५० पौंडांच्या आसपास असते. त्याला इंजिन नसते. वैमानिक हार्नेसमध्ये पोटावर आडवा होऊन पंखाखाली लटकतो आणि समोरचा त्रिकोणी कंट्रोल बार धरून आपले वजन इकडेतिकडे सरकवतो. बार ओढला की वेग वाढतो, ढकलला की कमी होतो. अंग उजवीकडे नेले की ग्लायडर उजवीकडे वळतो. सगळे नियंत्रण एवढेच!

पॅराग्लायडर वेगळा. त्यात सांगाडा नसतो, नुसते कापड आणि दोऱ्या असतात, आणि वैमानिक खुर्चीत बसल्यासारखा असतो. पुण्याजवळ कामशेतला आपण जे बघतो ते पॅराग्लायडिंग.

थोडा इतिहास

जर्मनीच्या ओटो लिलिएंटालने १८९१ ते १८९६ या काळात स्वतः बनवलेल्या पंखांवर सुमारे २००० उड्डाणे केली आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो गेला. आजच्या ग्लायडरचे मूळ मात्र फ्रान्सिस रोगालो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांच्या १९४८ च्या लवचिक पंखात आहे. पहिल्या प्रयोगांसाठी त्यांनी स्वयंपाकघरातले पडदे वापरले होते! ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी १९६३ मध्ये या पंखाला त्रिकोणी कंट्रोल बार आणि लटकण्याची सोय जोडली, आणि तो मोटरबोटीमागे ओढून उडवला.

अमेरिकेत २३ मे १९७१ रोजी, लिलिएंटालच्या जन्मदिनी, कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळ मेळावा भरला. लोक बांबू आणि प्लॅस्टिकचे घरी बनवलेले पंख घेऊन आले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघटनेतून पुढे राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिला आज युनायटेड स्टेट्स हँग ग्लायडिंग अँड पॅराग्लायडिंग असोसिएशन, थोडक्यात 'युशपा' म्हणतात.

त्या पहिल्या वर्षांत शाळा नव्हत्या, शिक्षक नव्हते, पंखांची चाचणी नव्हती. लोक मासिकातले आराखडे बघून पंख बांधत आणि डोंगरावरून उडी मारत. अनेक जण दगावले. आजची शिक्षणपद्धत त्या अनुभवातूनच आली आहे.

कायदा काय म्हणतो?

हँग ग्लायडरला अमेरिकेत सरकारी परवाना लागत नाही. १९८२ च्या 'पार्ट १०३' या नियमानुसार १५५ पौंडांपेक्षा कमी वजनाचे, बिनइंजिनाचे, एका माणसाचे, केवळ हौसेसाठी वापरलेले साधन असेल तर वैमानिकाचा परवाना किंवा विमानाची नोंदणी लागत नाही. दाट वस्तीवरून उडायचे नाही, ढगात शिरायचे नाही, हे नियम मात्र आहेत.

म्हणजे वैमानिक तयार आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी या खेळातल्या लोकांनी स्वतःवर घेतली आहे. युशपाच्या पाच पायऱ्या आहेत : हँग वन (नवशिका), हँग टू, हँग थ्री, हँग फोर आणि शेवटी मास्टर. पायऱ्या चढायला लेखी परीक्षा, प्रत्यक्ष चाचणी आणि नोंदवहीतला अनुभव लागतो. कुठल्या टेकडीवरून कोणती पायरी असलेल्यांनी उडावे हे तिथला क्लब ठरवतो. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यासाठी पालकांची सही लागते.

शिकवण्याच्या तीन पद्धती

१. छोटी टेकडी. आपल्याकडे गावात पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवत, त्यातला प्रकार. सुरुवात सपाट जमिनीवर : पंख खांद्यावर घेऊन आधी चालायचे, मग हळू धावायचे, मग जोरात. पंख स्वतःचे वजन उचलू लागला की पाय आपोआप हलके होतात. मग दहा-पंधरा फुटांचा चढ, मग त्याहून उंच. लॉस एंजेलिसच्या विमानतळालगत डॉकवायलर बीचवर वाळूचा लहानसा उतार आहे, तिथे असेच शिकवतात. नॉर्थ कॅरोलिनात नॅग्ज हेडच्या जॉकीज रिजवर तर १९७४ पासून वाळूच्या टेकड्यांवर शाळा चालत आली आहे. राइट बंधूंनी ग्लायडर उडवले ते ठिकाण तिथून काही मैलांवरच आहे. वाळूत पडले तर कपडे झटकून उठता येते, हा मोठा फायदा!

२. टँडम. विद्यार्थी आणि शिक्षक एकाच पंखाखाली लटकतात. फ्लोरिडासारख्या सपाट भागात छोटे हलके विमान दोरीने ओढून दोन हजार फुटांपर्यंत नेते आणि तिथून दोर सोडतात. वळणे, वेग, उतरण्याची आखणी हे सगळे यात भरपूर वेळ घेऊन शिकता येते. कायद्याच्या दृष्टीने टँडम ही फेरी नसून धडा असतो, म्हणूनच पहिल्यांदा येणाऱ्यालाही अल्पमुदतीचे सभासदत्व घ्यावे लागते.

३. विंचने कमी उंचीवर ओढणे. स्कूटरच्या इंजिनावर दोरी गुंडाळणारा विंच बसवतात. सपाट मैदानावर शिक्षक ताण कमीजास्त करतो आणि विद्यार्थी पाच-दहा फुटांवरून तरंगत जातो. प्रत्येक वेळी पंख टेकडीवर वाहून न्यावा लागत नसल्याने एका सकाळी कितीतरी जास्त सराव होतो.

चांगल्या शाळा यांपैकी दोन पद्धती एकत्र वापरतात. टँडमने हवेतले समजते, पण स्वतःच्या पायांनी धावणे आणि उतरणे टेकडीवरच येते.

नवशिक्यांच्या चुका

पहिली चूक : भीती वाटली की बार ढकलणे. जमीन जवळ येताना दिसली की हात आपोआप तिला दूर लोटतात. त्याने पंखाचे नाक वर जाते, वेग मरतो आणि स्टॉल होतो. शिक्षक दिवसभर "ओढा, ओढा" ओरडत असतो ते यासाठी.

दुसरी : जास्तीची दुरुस्ती. ग्लायडर डावीकडे झुकला की विद्यार्थी अंग उजवीकडे फेकतो. पंखाला प्रतिसाद द्यायला क्षणभर लागतो, तोवर हा आणखी जोर करतो, आणि मग पंख उजवीकडे कलंडतो. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना हे लगेच कळेल, पण कळणे वेगळे आणि हात आवरणे वेगळे!

तिसरी : पडताना नळ्या घट्ट धरून ठेवणे. आमच्या तिसऱ्या मित्राचे हेच झाले. उतरताना फ्लेअर उशिरा दिला, नाक जमिनीत घुसले आणि हात नळीवर असल्याने दंडाचे हाड मोडले. शिक्षकाने दहा वेळा सांगितले होते. चूक आमचीच. त्या दिवशी वारा बदलला होता आणि "आणखी एकच उड्डाण" असा आग्रह आम्ही तिघांनी धरला होता. तो बरा झाला, पण परत आला नाही. घरी आईला फोनवर काय सांगायचे हे ठरवायला आम्हाला दोन तास लागले.

चौथी, आणि सर्वांत घातक : हार्नेस पंखाला न अडकवताच धावणे. म्हणून उड्डाणाआधी 'हँग चेक' करतात, म्हणजे प्रत्यक्ष लटकून बघतात. अनुभवी लोकही यात चुकले आहेत.

हा खेळ वाढेल का?

आज अमेरिकेत पॅराग्लायडर वैमानिकांची संख्या हँग ग्लायडरवाल्यांपेक्षा जास्त आहे. कारण उघड आहे. पॅराग्लायडर पाठपिशवीत मावतो, हँग ग्लायडरला गाडीवर रॅक लागतो आणि ठेवायला लांबलचक गॅरेज. टेकडीवर जाल तर पिकलेले केस बरेच दिसतील.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. उड्डाणाच्या जागा टिकतात त्या माणसांच्या बळावर. जॉकीज रिजच्या टेकड्या १९७३ मध्ये बुलडोझरखाली जाणार होत्या. कॅरोलिस्टा बॉम नावाची बाई त्या बुलडोझरसमोर उभी राहिली, आणि १९७५ मध्ये तिथे स्टेट पार्क झाले. २०१५ मध्ये विम्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा सभासदांनी स्वतः पैसे उभे करून २०१६ मध्ये आपली विमा व्यवस्था सुरू केली. विमा नाही तर जागेचा मालक परवानगी देणार नाही, आणि जागा नाही तर शाळा नाही. कॅलिफोर्नियात दिवाणी संहितेचे ८४६ वे कलम मोफत जागा वापरू देणाऱ्या मालकाला बरेचसे संरक्षण देते आणि त्यात हँग ग्लायडिंगचा नाव घेऊन उल्लेख आहे. तरीही मालकाशी बोलणारा, कुंपण दुरुस्त करणारा कोणीतरी लागतोच.

सर्वांत मोठी अडचण शिक्षकांची. एक विद्यार्थी घडवायला अनेक शनिवार-रविवार लागतात, अर्धे वाऱ्यामुळे वाया जातात आणि पैसे फार मिळत नाहीत. आपल्या मंडळाचे काम जसे त्याच आठ-दहा जणांच्या खांद्यावर असते, तसेच इथेही. आमच्या अनुभवात नवा माणूस टिकतो तो तीन गोष्टींनी : पहिल्या महिन्यात सलग सराव, क्लबातला एखादा जुना वैमानिक जो त्याला नावाने ओळखतो, आणि घरच्यांचा पाठिंबा. उतरण्याच्या जागी गाडी घेऊन येणारी बायको किंवा नवरा असेल तर अर्धे काम झाले!

सुरुवात करायची असेल तर

- युशपाच्या यादीतला प्रमाणित शिक्षकच निवडा. मित्राकडून किंवा व्हिडिओ बघून शिकू नका.
- आधी एक दिवस नुसते बघायला जा. शिक्षक वारा बघून वर्ग रद्द करतो का, हे पाहा. करत असेल तर तो चांगला शिक्षक.
- ग्लायडर विकत घ्यायची घाई नको. जुना घ्यायचाच तर शिक्षकाला दाखवूनच घ्या.
- आयुर्विमा आणि आरोग्य विम्याची कागदपत्रे वाचा. वैयक्तिक आयुर्विम्याच्या अर्जात अशा खेळांबद्दल विचारतात. लपवू नका.
- घरी खरे सांगा. धोका आहे, तो शिस्तीने कमी होतो, शून्य होत नाही.

मुलाला पाठवावे का, याचे उत्तर आम्ही देणार नाही. पण त्याच्याबरोबर टेकडीवर नक्की जा. पहिल्यांदा पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा उंची जेमतेम चार फूट असते आणि वेळ पाच सेकंद. खाली उभे राहून बघणाऱ्या आईबाबांचा श्वास मात्र त्याहून बराच जास्त वेळ रोखलेला असतो.

काही शंका असल्यास पुढच्या पिकनिकला आम्हाला गाठा. चूकभूल द्यावी घ्यावी.